हिरवा पडदा जातो कुठे?

रांझीतल्या खोलीत बसून भेडाघाटच्या धुवांधार धबधब्यासमोर दिसायचं, तर मागे हिरवं कापड हवं. एडिटिंगचं सॉफ्टवेअर तो रंग पारदर्शक करतं, हे कीइंग. खाली धबधब्याचा थर सरकवला, की कंपोझिटिंग.

हिरवाच का? त्वचेच्या रंगापासून तो सहज वेगळा काढता येतो; शिवाय बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर दर चार बिंदूंपैकी दोन हिरवा टिपतात.

दादासाहेब फाळक्यांनी १९१०च्या दशकात असे चमत्कार कॅमेऱ्यातच, एकाच फिल्मवर दुबार चित्रण करून साधले.

नवशिक्यांची फजिती होते केसांच्या कडेला. पडद्यावर उजेड कमीजास्त पडला, की कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. कापडाला चिकटून उभं राहिलं, तर खांद्यांवर हिरवी झाक चढते. म्हणून चार पावलं पुढे यावं. आणि धबधब्यावर ऊन डावीकडून असेल, तर चेहऱ्यावरचा दिवाही डावीकडेच लागतो.