कोशिंबिरीला पाणी सुटतें तेव्हां

काकडीच्या कोशिंबिरींत मीठ घालावयाचें तें पानें मांडल्यावर, आधीं नाहीं, असा आमच्या घरचा जुना दंडक आहे. मीठ लवकर पडलें कीं पाणी सुटतें, आणि मग पंगतींत चोथा एका वाढपानें व पाणी दुसऱ्या वाढपानें फिरवावें लागतें! या दंडकाचें कारण विचारण्याचें आम्हांस कधीं सुचलें नाहीं. साठी उलटल्यावर तें कळलें, आणि तेंही स्वयंपाकघरांत नव्हे, तर अकरावींत शिकणाऱ्या आमच्या नातीच्या प्रयोगशाळेंत.

पालकांना एके दिवशीं तेथें बोलावलें होतें. एका नळींत परमँगनेटचा खडा टाकून ठेवलेला होता; कोणी ढवळलें नसतां त्याचा जांभळा रंग हळूहळू वर पसरत होता. हें विसरण. शेजारीं एक सोललेला बटाटा मध्यें खळगा कोरून साध्या पाण्याच्या ताटलींत बसवलेला. खळग्यांत साखरेचा पाक, आणि पाकाच्या पातळीवर खुणेची टाचणी. तासाभरानें पाहतों, तों पाक टाचणीच्या वर चढलेला! कोणी थेंबही ओतला नव्हता.

खरें नवल मात्र सूक्ष्मदर्शकाखालीं दिसलें. शोभेकरितां कुंड्यांतून लावतात त्या रिओ नांवाच्या झाडाच्या पानाची खालची जांभळी साल तेथें पसरली होती. नीट बसवलेल्या फरशांसारख्या तिच्या पेशी. नातीनें कडेनें मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला. पाहतां पाहतां प्रत्येक फरशींतला रंग भिंतीपासून सुटला आणि मध्यें गोळा होऊन बसला. पुन्हां साधें पाणी सोडतांच तो पसरून भिंतीला टेकला. काकडींतही हेंच घडत असलें पाहिजे, हें आमच्या तेव्हां ध्यानांत आलें. अंड्याचें कवच आंबांत विरघळवून केलेला प्रयोग याहून ठसठशीत असतो म्हणे. परंतु आमच्या घरीं अंडें येत नाहीं, म्हणून नातीनें धाकट्या भावंडांसमोर बेदाण्यांवर भागवलें. बेदाणे टम्म फुगले, आणि मुलांनीं लगेच खाऊन टाकले.

मीठ पाणी ओढून घेतें असें आपण म्हणतों. वस्तुतः पाण्याचे कण पेशीच्या पडद्यांतून दोनही बाजूंनीं अखंड ये-जा करीत असतात. ज्या बाजूस मीठ वा साखर अधिक, तेथून पाणी कमी निघतें. साध्या बाजूकडून अधिक येतें. मीठ-साखरेला तो पडदा सहसा वाट देत नाहीं, म्हणून पाण्यालाच सरकावें लागतें. यास परासरण म्हणतात. फ्रान्समध्यें नोले यांनीं १७४८ सालीं प्राण्याच्या मूत्राशयाच्या कातड्यावर असेंच घडतांना पाहिलें होतें. पेशीचा पडदा तर मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ, आणि तोही स्निग्ध; त्यांतून पाणी इतक्या वेगानें कसें जातें, हें कोडें बराच काळ उरलें. १९९२ सालीं अमेरिकेंत पीटर ॲग्रे व त्यांचे सहकारी यांनीं तें सोडवलें. बेडकाचीं अंडीं गोड्या पाण्यांत फुगत नाहींत. परंतु एक विशिष्ट प्रथिन त्यांत तयार करविलें, तेव्हां तीं कांहीं मिनिटांत फुगून फुटलीं. पाण्याची स्वतंत्र दारें सांपडलीं होतीं. २००३ चें रसायनाचें नोबेल पारितोषिक ॲग्रे यांना विभागून मिळालें.

एवढें पाहून आम्ही कौतुक करीत घरीं परतलों असतों. परंतु बाईंनीं सहज सांगितलें कीं, पटकींत माणूस मरतो तो याच नियमानें. तें ऐकून आम्ही तेथल्या बाकावर बसलों. १९६६ च्या उन्हाळ्यांत आमच्या धाकट्या भावाला जुलाब लागले होते. पोटांत कांहीं ठरत नाहीं, तर पाणी पाजूं नये, असें वडीलधाऱ्यांचें मत पडलें. तो पाणी मागत असे. तिसऱ्या दिवशीं सकाळीं तो गेला. त्याला चौथें वर्ष लागलें होतें.

पटकीच्या विषानें आंतड्याच्या पेशी क्षार बाहेर ओतूं लागतात, आणि त्यामागून शरीरांतलें पाणी आंतड्यांत धांवतें. नुसतें पाणी पाजलें तर गेलेले क्षार भरून येत नाहींत, आणि नुसतें मीठही धड शोषलें जात नाहीं. मात्र आंतड्याच्या पेशींना एक दार असें आहे, कीं त्यांतून साखर व मिठांतला सोडियम जोडीनेंच आंत जातात. हें दार पटकींतही चालू राहतें. ती जोडी आंत गेली, कीं पाणी मागून येतें. रॉबर्ट क्रेन यांनीं ही कल्पना १९६० सालीं प्राग येथें मांडली होती, म्हणजे आमचा भाऊ जाण्यापूर्वीं सहा वर्षें.

१९७१ सालीं बांगला देशाच्या निर्वासितांत पटकी पसरली, तेव्हां बनगांव येथें शिरेंतून द्यावयाच्या सलाइनचा सांठा संपत आला. डॉ. दिलीप महालनबीस यांनीं लिटरभर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असें मिश्रण पिंपांत भरून ठेवलें, आणि तें पाजण्याचें काम रुग्णांच्या नातलगांवर सोंपवलें. तेथें शेंकडा ३० पर्यंत गेलेलें मृत्यूचें प्रमाण ३.६ वर उतरलें. पाजणारे हात आया-बहिणींचे होते. महालनबीस २०२२ सालीं वारले. पुढच्या वर्षीं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालें.

घरांत पुडी नसेल, तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावें. मूल गोड मागतें म्हणून साखर वाढवूं नये; अधिक झालेली साखर पाणी उलट आंतड्यांतच खेंचते. याच कारणास्तव जागतिक आरोग्य संघटनेनें २००२ सालीं पुडींतील साखर व मीठ दोन्ही उतरवले. मूल सुस्त पडलें, डोळे खोल गेले, किंवा पिणेंच थांबलें, तर वाट न पाहतां डॉक्टर गांठावा.

मीठ घातलेली तांदळाची पेजही हेंच काम करते. भातांतील पिठाचा एकेक कण म्हणजे साखरेच्या असंख्य कणांची माळ; ती आंतड्यांत सावकाश सुटते, म्हणून एकदम पाणी खेंचीत नाहीं. आमची आजी पेज उत्तम करीत असे. त्या तीन दिवसांत मात्र, पोटाला जड पडेल म्हणून, ती चुलीवर चढली नाहीं.