विश्लेषण : नेलपॉलिशची चमक येते कुठून? अभ्रकाचा हिशेब का जुळत नाही?

नेलपॉलिश, आयशॅडो, गाडीचा मोतिया रंग, टूथपेस्टमधली चकाकी. या सगळ्यामागे अनेकदा एकच खनिज असते : अभ्रक. त्यातला मोठा वाटा झारखंड आणि बिहारच्या जंगलपट्ट्यातून येतो आणि तो गोळा करणाऱ्या हातांत लहान मुलांचेही हात असल्याचे गेल्या काही वर्षांत वारंवार समोर आले आहे. मग हे अभ्रक वापरणाऱ्या रसायन कंपन्यांची जबाबदारी कुठे सुरू होते?

अभ्रकापासून रंग कसा तयार होतो?

जुनी इस्त्री उघडून पाहिलेल्यांना अभ्रक ओळखीचे असेल. कॉइलभोवती असलेला पारदर्शक, पापुद्रे सुटणारा तुकडा म्हणजे अभ्रक. ते उष्णता सोसते आणि वीज वाहू देत नाही, म्हणून विद्युत उपकरणांत वापरले जाते.

रंगद्रव्याच्या कारखान्यात याच अभ्रकाचे बारीक, सपाट कण करून पाण्यात मिसळतात. त्यात टायटॅनियमचे क्षार हळूहळू सोडले जातात, आम्लता काटेकोर सांभाळली जाते आणि प्रत्येक कणावर पातळ लेप बसतो. नंतर गाळून, वाळवून ते भट्टीत तापवले की टायटॅनियम डायऑक्साइडचा थर पक्का होतो. गंमत अशी, की यात रंग असा नसतोच. थर काही दशक नॅनोमीटरचा असेल तर चंदेरी झाक दिसते. तो जाड करत नेला की सोनेरी, तांबूस, निळी, हिरवी. साबणाच्या फुग्यावर जसे रंग दिसतात, तसाच हा प्रकाशाचा खेळ आहे. पुण्यात मुख्यालय आणि रोहा-महाडला कारखाने असलेली सुदर्शन केमिकल ही कंपनीही अशी चमकदार रंगद्रव्ये बनवते. जर्मनीची मर्क अनेक दशके या व्यवसायातले मोठे नाव होती.

मग अडचण कुठे आहे?

झारखंडचे कोडरमा, गिरिडीह आणि बिहारचे नवादा हा देशातला जुना अभ्रकपट्टा. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर जंगलातल्या खाणींच्या परवान्यांचे नूतनीकरण अवघड झाले. अभ्रकाच्या मोठ्या पत्र्यांना पर्याय आले, सोव्हिएत संघ हा बडा ग्राहकही गेला आणि एकामागून एक खाणी बंद पडल्या. कागदावर खाणी बंद झाल्या, पण माणसे तिथेच राहिली.

जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांत उरलेल्या अभ्रकाच्या तुकड्यांना तिथे ‘ढिबरा’ म्हणतात. पत्र्यासाठी हे तुकडे निरुपयोगी, पण दळून रंगद्रव्य करायला उत्तम. त्यामुळे सौंदर्यप्रसाधने आणि गाड्यांच्या रंगातून मागणी वाढली, तशी टोपली घेऊन ढिगारे उपसणारी कुटुंबे वाढली. दगड फोडून अरुंद बिळे खणली जातात, छताला आधार नसतो. २०१६ मध्ये थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या तपासात दोन महिन्यांत सात मुले अशा बेकायदा खाणींत मरण पावल्याचे आणि ते मृत्यू दडपले गेल्याचे उघड झाले. त्याच वर्षी ‘तेर दे झोम’ या संस्थेच्या अहवालाने झारखंड-बिहारमध्ये सुमारे २२ हजार मुले या कामात असल्याचा अंदाज दिला. भारतात खाणकामाला १८ वर्षांखालील कोणालाही बंदी आहे. पण जी खाण कागदावर अस्तित्वातच नाही, तिथे निरीक्षक जाणार कशाला?

कंपन्या सांगतात, ‘आम्ही तपासतो’. ते पुरेसे का नाही?

इथे रासायनिक अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा धडा उपयोगी पडतो : जेवढे आत गेले तेवढेच बाहेर आले पाहिजे. कारखान्याच्या फाटकाच्या आत हा हिशेब ग्रॅमपर्यंत ठेवला जातो. फाटकाबाहेर मात्र चित्र वेगळे आहे. २०१३-१४ मध्ये सरकारी आकडेवारीनुसार देशातले अभ्रकाचे उत्पादन सुमारे १९ हजार टन होते आणि निर्यात होती सुमारे १ लाख २८ हजार टन. मधला फरक म्हणजे प्रामुख्याने ढिबरा. तो गावातल्या दलालाकडे जातो, तिथून गोदामात, तिथून निर्यातदाराकडे. वाटेत कुठेतरी त्याला परवाना असलेल्या खाणीचा कागद जोडला जातो. ऑडिटर येतो तो त्या कागदापर्यंत आणि फार तर खाणीच्या तोंडापर्यंत. पोत्यातला माल नेमका त्याच खाणीचा आहे, हे नुसत्या भेटीतून सिद्ध होत नाही.

मर्कला आपल्या साखळीत बालमजुरी असल्याचे २००८ मध्ये कळले. कंपनीने खरेदीचा मार्ग बदलला, परवानाधारक खाणींकडे वळली, परिसरात शाळा चालवल्या. त्यातला सर्वात कामाचा उपाय सर्वात कमी चर्चेत आला : खाणीत रोज किती माल निघाला त्याची नोंद आणि पुढे किती पोहोचला त्याची नोंद पडताळणे. खाणीतून निघालेल्या मालापेक्षा पोहोचलेला माल जास्त असेल, तर बाहेरचा माल मिसळला आहे, एवढे सरळ गणित.

२०१७ मध्ये खनिज, रसायन आणि प्रसाधन क्षेत्रातल्या कंपन्यांनी एकत्र येऊन पॅरिसमध्ये ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ ही संस्था उभी केली. पाच वर्षांत बालमजुरी संपवण्याचे उद्दिष्ट होते. ते २०३० पर्यंत पुढे गेले आहे. मर्कने तर हा रंगद्रव्य व्यवसायच ६६.५ कोटी युरोंना चीनच्या ग्लोबल न्यू मटेरियल इंटरनॅशनलला विकला. हा व्यवहार जुलै २०२५ मध्ये पूर्ण झाला. कारखान्याचा मालक बदलतो, ढिगाऱ्यावरचे कुटुंब तेच राहते.

सरळ कृत्रिम अभ्रक का वापरू नये?

वापरतात. लश या ब्रिटिश प्रसाधन कंपनीने नैसर्गिक अभ्रक सोडून कृत्रिम निवडले. ते जास्त शुद्ध आणि पांढरे असते, पण खनिजे सुमारे १४०० अंशांच्या वर वितळवून बनवावे लागते, म्हणून महाग पडते. शिवाय ग्राहक निघून गेला म्हणून ढिबरा वेचणे थांबत नाही. कमी प्रश्न विचारणारा ग्राहक येतो आणि भाव पाडतो. भाव पडला की तेवढ्याच पैशांसाठी जास्त टोपल्या भराव्या लागतात आणि घरातले सगळेच हात कामाला लागतात. नुसते भारताकडून तोंड फिरवूनही भागत नाही : मादागास्करच्या अभ्रक खाणींत सुमारे ११ हजार मुले असल्याचा अंदाज २०१९ मध्ये आला.

कायदा काय म्हणतो?

अमेरिका आणि युरोपीय संघाचे ‘संघर्ष खनिजां’चे कायदे कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोने या चारच खनिजांना लागू आहेत. अभ्रक त्यात नाही. जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा जानेवारी २०२३ पासून लागू आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये असाच कायदा केला, पण पुढच्याच वर्षी अंमलबजावणी लांबणीवर टाकली.

आपल्याकडे कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. मात्र नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेला खर्च त्यात धरता येत नाही. म्हणजे खाणपट्ट्यात शाळेची खोली बांधली तर ती सीएसआर, पण ढिबऱ्याला किलोमागे जास्त भाव दिला तर तो नाही. मूल कुठे बसणार हे मात्र त्या भावावर ठरते.

आता काय बदलते आहे?

२०१५ मध्ये अभ्रक गौण खनिज ठरवून त्याचे नियमन राज्यांकडे दिले गेले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने ते पुन्हा प्रमुख खनिजांत आणले. याचे कारण मुलांचे नाही : अभ्रक ज्या खडकांत सापडते, त्यांत लिथियमसारखी महत्त्वाची खनिजेही असू शकतात. झारखंडने जुने ढिगारे सहकारी संस्थांमार्फत उचलण्यासाठी नियमांत बदल केले होते. ढिबरा वेचणाऱ्याला पावती मिळाली, तर त्याला भाव मागता येईल आणि कंपनीला तिचा हिशेबही जुळवता येईल.

तोपर्यंत ग्राहकाच्या हातात आहे ते पाकिटावरचे बारीक अक्षर. ‘मायका’ किंवा ‘सीआय ७७०१९’ लिहिले असेल तर अभ्रक वापरले आहे. ‘सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट’ असेल तर ते कृत्रिम. नैसर्गिक अभ्रक कोणत्या गावातून आले, हे छापण्याची सक्ती नाही.