पेरू : नांवाचें मूळ व झाडाचें कूळ

पेरूचें झाड चाकणच्या बाजूस कोणास अपरिचित नाहीं. परंतु त्यास हें नांव कां पडलें असें विचारल्यास पुष्कळ लोक तें पेरू देशावरून आलें असें सांगतात. झाडाची जन्मभूमि उष्ण अमेरिका होय, हें खरें; नांवाची कथा मात्र निराळी आहे.

पोर्तुगीज भाषेंत, तशीच तिची सख्खी बहीण जी वायव्य स्पेनमधील गालिसियन भाषा तींतही, नाशपातीस 'पेरा' व तिच्या झाडास 'पेरेइरा' म्हणतात. दोन्ही शब्द लॅटिन 'पिरुम्'पासून निघाले. गोवें व वसई येथील 'परेरा' हें आडनांव याच झाडाचें. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतल्यावर अमेरिकेंतील कित्येक झाडें त्यांच्या गलबतांतून इकडे आलीं. हें फळ नाशपातीसारखें दिसल्यामुळें त्यासही येथें तेंच नांव मिळालें. कोंकणींत त्याचें 'पेर', बंगालींत 'पेयारा' व मराठींत 'पेरू' झालें. हिंदींतील 'अमरूद' या शब्दाचा अर्थही मूळ फारसींत नाशपाती असाच आहे.

तथापि नांव एक म्हणून कूळ एक नव्हे. नाशपाती ही सफरचंदाप्रमाणें गुलाबाच्या कुळांतील असून तिला कडक थंडी लागते. पेरू हा जांभूळ, लवंग व निलगिरी यांचा भाऊबंद होय. नाशपातीच्या खुंटावर त्याचें कलम जगणार नाहीं.

जातीच्या नांवानेंही असाच भ्रम होतो. 'लखनौ-४९' अथवा 'सरदार' ही जात पुण्यास गणेशखिंडीच्या फळबाग केंद्रांत १९२७ सालीं डॉ. चीमा व देशमुख यांनीं 'अलाहाबाद सफेदा'च्या बियांच्या रोपांतून निवडली. बियांचीं रोपें मूळ झाडासारखीं निघतीलच असें नसतें. म्हणूनच त्यांतून नवी जात निवडतां आली. परंतु त्याच कारणानें, केवळ नांव ऐकून बियांचीं रोपें लावणाऱ्यास फळ धरेपर्यंत आपण काय लावलें हें कळत नाहीं, व तोंवर जमीन, पाणी आणि कित्येक वर्षें खर्ची पडलेलीं असतात. यास्तव बागाईतदारांनीं ज्या झाडाचें फळ स्वतः पाहिलें व चाखलें असेल, त्याच झाडाचें दाबकलम घ्यावें.