सव्वा महिन्याचा बाप

लेक जन्मली तेव्हा जांभळट होती. सांगलीच्या एका दवाखान्यात बायकोच्या उशाशी, तिचा हात हातात धरून मी उभा होतो. तो रंग पाहून काळजात धस्स झालं. तेवढ्यात तिने टाहो फोडला. मग डोळ्यांदेखत गुलाबी रंग छातीवर उमटला आणि हळूहळू अंगभर पसरत गेला. तळहात-तळपाय तेवढे निळसर राहिले. "घाबरू नका," डॉक्टर म्हणाल्या, "सगळी बाळं अशीच येतात."

त्या काही मिनिटांत तिच्या आत काय घडत होतं हे मी नंतर वाचलं. अजूनही ते आठवलं की अंगावर काटा येतो.

पोटात असताना बाळाची फुप्फुसं पाण्याने भरलेली असतात. प्राणवायू नाळेतून मिळतो, त्यामुळे रक्ताला फुप्फुसांकडे जायचं फारसं कारणच नसतं. फुप्फुसं टाळून जायला त्याला दोन आडवाटा असतात. एक म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीतलं छोटं दार. दुसरी म्हणजे फुप्फुसांकडे निघालेलं रक्त परस्पर महारोहिणीत वळवणारी नळी. पहिला श्वास घेतला की हवा आत शिरते, पाणी शोषलं जातं, फुप्फुसांतल्या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्ताचा लोंढा तिकडे धावतो. तेच रक्त परतून हृदयाच्या डाव्या बाजूला येतं, तिथला दाब वाढतो आणि त्या दाबानेच दार लागतं. नळी पुढच्या दोन-तीन दिवसांत आवळून बंद होते. दर चार मोठ्या माणसांतल्या साधारण एकाचं ते दार आयुष्यभर नुसतं लोटलेलं राहतं, त्याला कडी लागत नाही. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. नऊ महिने पाण्यात राहिलेला जीव एका हुंदक्यात हवेतला होतो, आणि त्यासाठी लागणारं सगळं सुतारकाम आधीच करून ठेवलेलं असतं.

नाळ लगेच कापली नाही. ती अजून उडत होती, नाडीसारखी. निदान एक मिनिट थांबावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण तेवढ्या वेळात वारेतलं बरंचसं रक्त, आणि त्यासोबत पुढच्या महिन्यांना पुरणारं लोह, बाळाकडे जातं. अंगावर लोण्यासारखा पांढरा थर होता. तोही कुणी धुतला नाही. त्वचा मऊ ठेवायला तो कामाचा असतो, अंघोळ दुसऱ्या दिवशी. पहिल्या मिनिटाला आणि पाचव्या मिनिटाला नर्सने आकडे सांगितले: आठ, नऊ. हृदयाचे ठोके, श्वास, रंग, स्नायूंचा ताण आणि डिवचल्यावर मिळणारी दाद, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण. भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये ही पद्धत बसवली. माझ्या लेकीचा एक गुण त्या निळसर तळव्यांनी खाल्ला होता.

मग तिला आईच्या छातीवर ठेवलं. नुकत्या जन्मलेल्या बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात नीट दिसतं. कुशीतून आईचा चेहरा तेवढ्याच अंतरावर असतो. वासाने ती दुधाकडे तोंड वळवत होती. आणि आईचा आवाज तर तिच्या ओळखीचाच होता. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. तीन दिवसांच्या आतल्या दहा बाळांच्या तोंडात चोखणी दिली. एका लयीत चोखलं की आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या लयीत चोखलं की परक्या बाईचा. बाळांनी आपली चोखण्याची लय बदलून आईचा आवाज मागून घेतला.

मीही रोज रात्री पोटाशी तोंड नेऊन एका कोल्ह्याची गोष्ट सांगायचो. म्हणून पुढचं मी मोठ्या आशेने वाचायला घेतलं. डीकॅस्पर यांनी १९८४ मध्ये वडिलांचा आवाजही तपासला. दोन पुरुषांच्या आवाजांतला फरक बाळांना कळत होता, पण आपल्या वडिलांच्या आवाजाला त्यांनी पसंती दिली नाही. आईचा आवाज तिच्या हाडा-मांसातून आत झिरपतो, बापाचा पोटाच्या भिंतीपलीकडून येतो. म्हणजे आईशी नऊ महिन्यांची ओळख घेऊन ती जगात आली होती. माझ्याशी ओळख त्या दिवसापासून सुरू व्हायची होती. हे कळल्यावर मला वाईट वाटलं नाही. उलट, करायला काहीतरी आहे, हे कळलं.

तिसऱ्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. २ किलो ९०० ग्रॅमची लेक २ किलो ७३० वर आली, आणि तिचा चेहरा पिवळा दिसू लागला. वजन सगळ्याच बाळांचं उतरतं: अंगातलं जास्तीचं पाणी जातं, आणि पहिले दिवस मिळतो तो चीक, थोडासा पण सकस. कावीळही दर दहांपैकी सहा बाळांना होते. पोटात प्राणवायू कमी, म्हणून बाळाकडे तांबड्या पेशी जास्त असतात. बाहेर मोकळी हवा मिळाल्यावर त्या जादा पेशी मोडू लागतात, त्यातून पिवळं बिलिरुबिन निघतं आणि कोवळ्या यकृताला ते एकदम बाहेर टाकता येत नाही. बहुतेकांची कावीळ आपोआप ओसरते. पण ती फार चढली तर मेंदूला धोका असतो, म्हणून ती किती चढली हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. लेकीला निळ्या दिव्याखाली ठेवलं.

या दिव्याची गोष्ट मला फार आवडते. १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफर्ड इथल्या रुग्णालयात जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर होत्या. नाजूक बाळांना त्या चांगल्या हवेत अंगणात न्यायच्या. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. त्याचं अंग निवळलेलं होतं, पण जिथे दुपट्याचा कोपरा होता तिथे पिवळा त्रिकोण तसाच होता. उजेडाने कावीळ उतरते हे त्या त्रिकोणाने सांगितलं. १९५८ साली डॉ. रिचर्ड क्रेमर आणि सहकाऱ्यांनी ते जगापुढे मांडलं. निळा उजेड त्वचेतल्या बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो, आणि मग यकृताची वाट न पाहता ते शरीराबाहेर जाऊ शकतं.

पाचवी त्या निळ्या खोलीतच आली. या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते. सासूबाईंनी स्टुलावर कोरा कागद आणि पेन ठेवलं. "उजेड आहे," त्या म्हणाल्या, "लिहायला बरं पडेल."

त्या रात्री मी जागा होतो. आपल्या बायांनी पाचवीला जागरण का लावलं असेल? मला वाटतं, हेच दिवस सगळ्यांत धोक्याचे, हे त्यांनी किती पाळणे रिकामे होताना पाहून ओळखलं होतं. त्या अनुभवाला विज्ञानाची जोड गडचिरोलीत मिळाली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना शिकवलं: बाळाचं वजन करायचं, त्याला उबदार ठेवायचं, श्वास अडला तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि इंजेक्शन कसं द्यायचं. ३९ गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. आज आशाताई घरी येऊन बाळ पाहून जातात, त्यामागे हे काम आहे.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पूर्वी बाप बाराव्या दिवशी बारशाला यायचा, टोपरं-झबलं घातलेलं बाळ लांबून बघायचा आणि परतायचा. मी मात्र पहिल्या दिवसापासून तिथे होतो, आणि एक काम मला मिळालं होतं: शर्ट काढून तिला छातीवर घेऊन पडून राहणं. नवजात बाळाला मोठ्यांसारखं थंडीने कुडकुडून अंग तापवता येत नाही. खांद्याच्या पात्यांमध्ये असलेली खास तपकिरी चरबी जाळून ते ऊब मिळवतं, आणि ती पुंजी फार नसते. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचपेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. एडगार रे यांनी कमी वजनाची बाळं आयांच्या छातीशी बांधली. त्यातून 'कांगारू पद्धत' आली. बापाची छातीही ते काम करते. रोज दुपारी ती माझ्यावर निजायची. टाळूची कातडी श्वासागणिक उचलते, असं मला आधी वाटलं. मग कळलं, ती नाडी होती. कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात, म्हणून तर लेक जन्माच्या वाटेतून निभावली. सासूबाई तिथे तेल घालताना बोट जेमतेम टेकवायच्या.

रात्री ती मध्येच श्वास थांबवायची. पाच सेकंद, सात सेकंद. माझाही श्वास थांबायचा. मग ती भराभर चार श्वास घ्यायची. या वयात असे छोटे खंड पडायचेच, मेंदू अजून लय शिकत असतो. त्याहून लांबला किंवा रंग बदलला तर मात्र लगेच डॉक्टर गाठायचा.

आणि बदलत फक्त तीच नव्हती. फिलिपीन्समधल्या सेबू इथल्या ६२४ तरुणांच्या अभ्यासात, २०११ साली, दिसलं की बाप झाल्यावर पुरुषाच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन उतरतं. जे बाप रोज तीन तास किंवा त्याहून जास्त वेळ मुलाचं करत, त्यांच्यात ते सर्वांत कमी होतं. आईचं शरीर नऊ महिने तयारी करतं. बापाचं शरीर लंगोट बदलता बदलता तयार होतं.

बारशाच्या दिवशी तिचं वजन पुन्हा २ किलो ९०० भरलं. तोवर ती झोपेत हसू लागली होती. "सटवाई हसवतेय," सासूबाई म्हणायच्या. झोपेतलं ते हसू कुणासाठी नसतं, मेंदूच्या खोल भागातून उठलेली ती लहर असते. रडतानाही तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. अश्रू यायला काही आठवडे लागतात. केंद्र सरकारी नोकरीत बापाला १५ दिवसांची रजा मिळते. पण बाळ जागेपणी, समोरच्या माणसाकडे बघून हसतं ते साधारण सहाव्या आठवड्यात. मी साठवलेली सगळी रजा जोडून सव्वा महिना पुरा केला, ते बरं झालं.

सव्वा महिन्याच्या दिवशी सकाळी बायको न्हायला गेली होती. लेक माझ्या मांडीवर होती, तोंड माझ्याकडे, अंतर वीतभर. मी तीच कोल्ह्याची गोष्ट सांगत होतो. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली, मग डोळ्यांकडे. मग हनुवटी थरथरली, तोंड उघडलं आणि डोळे आधी हसले. मी गोष्ट थांबवली, तर ती थांबली. पुन्हा सुरू केली, पुन्हा हसली.

पाचवीचा कोरा कागद सासूबाईंनी तिच्या दवाखान्याच्या फाइलीत जपून ठेवला होता. मी तो काढला आणि त्यावर तारीख लिहिली. खाली लिहिलं: सकाळी ६.४०, आवाज ओळखला.