ग्रुपवरची शिवी आणि ॲडमिनचे हात

गावगाड्यात शिवीला बंदी कधीच नव्हती, बंधन मात्र होते. वडीलधाऱ्यांसमोर आणि लेकीसुनांच्या देखत जीभ आवरायची, शिमग्याला तिला मोकळी सोडायची. सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून, हातवारे करीत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. हा ‘बोरीचा बार’. बार संपला की शिव्याही संपतात.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपला असा काठ नाही. सासरा, सून, शाळेतले मास्तर आणि बालमित्र तिथे एकाच ओसरीवर बसलेले असतात. वर्धा जिल्ह्यात, नागपूर–हैदराबाद महामार्गावरच्या जाम चौरस्त्यावर दोन मित्र भेटले की ‘काऊन बे’ म्हणतात. त्यात आपुलकीच असते. तेच दोन शब्द ग्रुपवर वयाने मोठ्या माणसाला उद्देशून पडले की भांडण. सूर आणि चेहरा दिसत नाही, नुसती अक्षरे उरतात.

ग्रुपवर शिवीगाळ झाली तर दोषी कोण, हा प्रश्न विदर्भातूनच उच्च न्यायालयात गेला. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव पोलिसांकडे २०१६ साली एका महिलेने तक्रार केली. ग्रुपमधील एका सदस्याने तिच्याविषयी अश्लील मजकूर लिहिला होता. ॲडमिनने त्याला ना काढले, ना माफी मागायला लावली. आपला नाइलाज असल्याचे सांगून तो मोकळा झाला. म्हणून गुन्हा त्याच्यावरही दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी ॲडमिनविरुद्धची कारवाई रद्द केली. सदस्य घ्यायचा किंवा काढायचा एवढाच ॲडमिनचा अधिकार. मजकूर ग्रुपवर येण्याआधी तो तपासू शकत नाही. दोघांनी संगनमताने केले असेल तरच तो जबाबदार, असे न्यायालयाचे म्हणणे. वर्धा जिल्हा याच खंडपीठाच्या कार्यक्षेत्रात येत असल्याने जामच्या ग्रुपांनाही हा निकाल लागू पडतो.

निकाल योग्यच होता. पण त्यानंतर एक गोष्ट बदलली. २०२२ पासून कोणाही सदस्याचा मजकूर सगळ्यांच्या फोनवरून काढून टाकण्याची सोय ॲडमिनला मिळाली. कायद्याने तो सुटेल, पण ‘माझ्या हातात काय आहे?’ असे म्हणायची सोय आता राहिलेली नाही.

लिहिणाऱ्याला मात्र कायदा सोडत नाही. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्यासाठी वापरलेल्या शब्दाला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ नुसार ३ वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड होऊ शकतो. अश्लील मजकुरासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ आहे. केवळ बोचरे किंवा उद्धट लिहिणे मात्र गुन्हा नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदविषयीच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली, तेव्हा ज्या कलम ६६-अ चा आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. ‘आक्षेपार्ह’ या शब्दात काहीही बसवता येत होते, हे त्याचे दुखणे.

शिवी ओळखण्याचे काम यंत्रावरही सोडून देता येत नाही. पुण्याच्या ‘एल३क्यूब’ गटाने २०२२ मध्ये २५ हजारांहून अधिक मराठी ट्विटे द्वेषपूर्ण, अपमानकारक, शिवराळ आणि निर्दोष अशा चार भागांत वर्ग करून ‘महाहेट’ हा संच तयार केला. त्यावर शिकलेले यंत्र उघड शिवी बरीचशी ओळखते. वऱ्हाडी ‘बे’मधला स्नेह आणि साळसूद वाक्यातला टोमणा ओळखणे अवघड आहे.

मग उरते गाव. अहिल्यानगर जिल्ह्यातील सौंदाळा (ता. नेवासा) येथील ग्रामसभेने २८ नोव्हेंबर २०२४ रोजी आई-बहिणीवरून शिव्या देणाऱ्याला ५०० रुपये दंड करण्याचा ठराव केला. ५०० रुपयांनी सवय सुटते असे नाही. ठरावाचा जोर रकमेपेक्षा चारचौघांतल्या लाजेत आहे. ग्रुपलाही अशी ग्रामसभा घेता येते. आई-बहिणीवरून शिवी नाही, एकदा समज, दुसऱ्यांदा बाहेर, एवढे दोन ओळींत ग्रुपच्या माहितीत लिहावे आणि सरपंचाच्या पोरालाही तेच लागू करावे.