रक्ताचा हिशेब आणि रामशास्त्र्यांचा निवाडा

बांध कोरणं हा आमच्या घोटीकडचा जुना उद्योग. भाताचं खाचर आलं की बांध आला, आणि आवणीच्या दिवसांत कुणीतरी तो बांध वीतभर पलीकडे सरकवणार, हेही ठरलेलंच. मी नऊ-दहा वर्षांचा असताना अशाच एका बांधावर माझ्या चाचांच्या डोक्यात फावडं बसलं. चाचा गेले. घरातली तरणी मंडळी कोयते घेऊन निघाली, तेव्हा दादी उंबऱ्यात आडवी झाली. ‘जायचं तर माझ्यावरून जा,’ म्हणाली. कुणी गेलं नाही. मग पाच वर्षं कोर्टाच्या तारखा झाल्या आणि शेवटी संशयाचा फायदा मिळून तो माणूस सुटला.

पुढे बी.ए.ला असताना ग्रीक शोकात्मिका वाचनात आल्या, अर्थात भाषांतरातून, आणि मला आमचं घर आठवलं. इस्किलस या नाटककाराने इ.स.पू. 458 मध्ये ‘ओरेस्तेइया’ ही नाट्यत्रयी अथेन्सच्या रंगभूमीवर आणली. युद्धावर निघालेल्या जहाजांना वारा मिळावा म्हणून राजा अ‍ॅगमेम्नन पोटच्या मुलीचा बळी देतो. दहा वर्षांनी तो ट्रॉय जिंकून परततो, तेव्हा त्याची राणी त्याला ठार मारते. मग मुलगा ओरेस्टिस बापाचा सूड म्हणून आईला मारतो. यातल्या प्रत्येकाला वाटतं, मी करतोय तो न्याय आहे. प्रत्येकाच्या पाठीशी कुठली ना कुठली देवताही आहे. ओरेस्टिसला तर खुद्द अपोलोची आज्ञा होती.

आईच्या रक्ताचा वास काढत एरिनी नावाच्या सूडदेवता ओरेस्टिसच्या मागे लागतात. तो अथेन्सला येतो. आता देवी अथीनाने एका शब्दात निकाल दिला असता तर कोण अडवणार होतं? पण ती नागरिकांचं न्यायमंडळ बसवते, दोन्ही बाजू ऐकून घेते आणि मतदान घेते. मतं समसमान पडतात आणि आरोपी सुटतो. मला खरं नाटक इथून पुढे दिसतं. सूडदेवता खवळतात, पीक जाळू, वंश बुडवू म्हणतात. अथीना त्यांना हाकलून देत नाही. त्यांची समजूत घालते, त्यांना नगराच्या पोटात कायमचं घर देते, मान देते. निकाल लागला म्हणून मेलेल्याच्या बाजूचा संताप संपत नाही, त्यालाही बसायला जागा लागते, हे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला कळलं होतं.

असंच एक घराणं आपल्याकडेही होऊन गेलं. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना गारद्यांनी कापलं. ‘ध’चा ‘मा’ आपण शाळेपासून ऐकतो. आनंदीबाईंनी पत्रातलं अक्षर बदलल्याचा ठोस पुरावा मात्र अभ्यासकांना मिळालेला नाही. गोष्ट रंगवायला बाई बरी पडते, ग्रीसमध्येही आणि पुण्यातही. गारद्यांच्या म्होरक्यांत सुमेरसिंग होता, खरकसिंग होता, महंमद युसूफही होता. वर्गात हा धडा चालू असताना शेवटच्या नावाला चार माना माझ्याकडे वळायच्या. असो.

पेशवेपदी बसला तो चुलता, रघुनाथराव. खुनाची चौकशी केली न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी, आणि गादीवर बसलेल्या माणसालाच दोषी ठरवलं. या पापाला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरं प्रायश्चित्त नाही असं तोंडावर सांगून त्यांनी पुणं सोडलं, अशी परंपरा आहे. शिक्षा अमलात आणणारा हात त्यांच्याकडे नव्हता. रघुनाथराव 1775 मध्ये सुरतेच्या तहाने इंग्रजांच्या आश्रयाला गेले. 1782 च्या सालबाईच्या तहानंतर तनखा घेऊन कोपरगावी राहिले आणि 1783 च्या अखेरीस तिथेच वारले. आनंदीबाईंचं शेवटचं आयुष्य आमच्या नाशिकजवळ आनंदवल्लीत गेलं. 1794 मध्ये त्या तिथे वारल्या.

मग देवाने न्याय केला का? ज्याचा बाप कापला गेला, तो सवाई माधवराव एकविसाव्या वर्षी, 1795 मध्ये, त्याच शनिवारवाड्यात वरून पडून गेला. आणि पुढच्या वर्षी गादीवर आला रघुनाथरावांचा मुलगा, दुसरा बाजीराव. 1818 मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा पापाचा घडा भरला असं म्हणणारे निघालेच असतील. पण हा हिशेब मला लावता येत नाही. त्यात भरडला गेलेला मुलगा तर मारल्या गेलेल्याचाच होता.

आमच्या धर्मात किसास आहे, म्हणजे जिवाला जीव मागण्याचा हक्क. पण कुरआनात त्याच जागी वारसाने माफ करण्याचीही वाट ठेवली आहे. दादीला अरबी वाचता यायचं, अर्थ फारसा कळायचा नाही. चाचांच्या खटल्याचा निकाल लागला त्या रात्री ती एवढंच म्हणाली, ‘वरचं कोर्ट अजून बाकी आहे.’

दोन पावसाळ्यांनी त्या माणसाचा बारा वर्षांचा मुलगा ओढ्याच्या पुरात वाहून गेला. बाजारात लोक आम्हाला थांबवून सांगू लागले, बघा, वरच्याने निकाल दिला. सांगणाऱ्यांच्या आवाजात आनंद होता. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही बरं वाटलं. तो मुलगा शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायचा.

घरी येऊन मी दादीला बातमी सांगितली. ती चुलीपुढे होती. तिने तवा उतरवला, बराच वेळ काही बोलली नाही. मग केलेल्या सगळ्या भाकरी फडक्यात बांधल्या, वर लसणाची चटणी ठेवली आणि म्हणाली, ‘त्यांच्याकडे आज चूल पेटली नसेल. नेऊन दे.’ मी गेलो. तो माणूस ओट्यावर बसला होता. त्याने फडकं ओळखलं की नाही, कोण जाणे. दोन्ही हात पुढे करून घेतलं मात्र.