हिरव्या जोडीला निळे पिल्लू

तीर्थपुरीत एका घरी आम्ही गेलो, तेव्हा ओसरीवरच्या पिंजऱ्यात लव्हबर्डची जोडी होती. नर-मादी दोन्ही हिरवी. पिलांतले एक मात्र निळे. "हे कुठून आलं?" घरातल्या दादींनी विचारले. सुरात थोडा संशय होता.

आपण ज्यांना लव्हबर्ड म्हणतो, ते बहुधा ऑस्ट्रेलियातील बजरीगर असतात. त्यांच्यात हिरवा रंग वरचढ ठरतो, निळा दबून राहतो. हिरव्या पक्ष्यातही निळ्याचा अंश लपलेला असू शकतो. तो नर आणि मादी दोघांकडून आला, तरच पिल्लू निळे होते. अशा जोडीच्या पिलांत सरासरी चारात एक निळे निघते. मेंडेल यांनी १८६६ मध्ये वाटाण्यांवरून हाच नियम मांडला होता.

बुखारी आणि मुस्लिम या हदीस-संग्रहांत अशीच शंका आली आहे. बायकोला काळे मूल झाले म्हणून एक माणूस प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आला. प्रेषितांनी त्याच्या उंटांचे रंग विचारले. तांबड्या उंटांत राखाडी कुठून आले? पूर्वजांच्या रगेतून आले असेल, असे तो म्हणाला. मग मुलाचेही तसेच असेल, असे प्रेषितांनी त्याला समजावले.

माणसाच्या कातडीचा रंग अनेक जनुके मिळून ठरवतात; तिथे चारात एक असा सरळ हिशेब नाही. पण वारसा आई-बाप दोघांचा आणि मागच्या पिढ्यांचाही असतो. म्हणून बाळ सावळे झाले, तर एकट्या सुनेला बोल लावू नये.